ग्रामपंचायतीला रांग, लोकसभेला शुकशुकाट: गावाचा कल ओळखायचा कसा?

मालदांडी:
राम राम मंडळी. गाव मंगळवेढ्याच्या दक्षिण भागात, सध्या मुक्काम सोलापूर. ग्रामपंचायतीला आमच्या शाळेपुढं सकाळी सातलाच रांग. पुण्याहून गाड्या भरून माणसं उतरतात, म्हाताऱ्यांना खुर्चीवर बसवून आणतात. आणि ७ मे २०२४ ला, लोकसभेला, दुपारी त्याच खोल्यांत कर्मचारी एकमेकांची तोंडं बघत बसलेले. ऊन होतं, कबूल. पण आपल्याला ऊन काय नवीन आहे का?

दुसरं, गाव कुणाचं म्हणायचं? पारावर एकजण सांगतो कमळाचं, दुसरा म्हणतो पिढीजात पंजा. मे महिन्यातल्या मतदानात खासदार निवडल्या गेल्या काँग्रेसच्या प्रणिती शिंदे, नोव्हेंबरात आमदार भाजपचे समाधान आवताडे. सहा महिन्यांत लोकांचं मन फिरलं, का मतदानाला आलेली माणसंच वेगळी होती? कार्यकर्ते असाल तर जरा दमानं लिहा.

बूथवरचा:
बरीच वर्षं पंढरपूर तालुक्यात बूथ सांभाळलाय. पक्ष विचारू नका, तीन झालेत.

आधी मतदानाच्या टक्क्याचं. टक्का निघतो यादीतल्या नावांवर. यादीत कोण? लग्न होऊन इंडीला गेलेल्या पोरी, चाकणला कंपनीत असलेली पोरं, वर गेलेली दोन-चार म्हातारी. नाव कमी करायचा ७ नंबरचा फॉर्म भरतंय कोण? म्हणून टक्का कमी दिसला तरी गावात हजर असलेल्यांतल्या बऱ्याच जणांनी मत टाकलेलं असतं.

ग्रामपंचायतीला यादी तीच, पण उमेदवार चुलतभाऊ. लहान प्रभाग, निकाल पाच-पंधरा मतांवर, बरोबरी झाली तर चिठ्ठी. बूथबाहेरच्या टेबलावर दुपारी तीनला यादीतली खूण न झालेली नावं काढायची आणि फोन लावत सुटायचं: "आप्पा, कुठवर आलाय? टेंभुर्णी? मग जेवायला थांबू नका, नीट या." लोकसभेला आप्पाला असा फोन कोण करतंय? डिझेल कुणी घालायचं? (मतदारांना फुकट गाडीनं नेणं कायद्यानं भ्रष्ट आचरणात मोडतं, ते एक राहू द्या.)

आणि कल म्हणाल तर आपल्या पंढरपूर-मंगळवेढा मतदारसंघातले भारतनाना भालके बघा. २००९ ला स्वाभिमानी पक्षाकडून आमदार, २०१४ ला काँग्रेसकडून, २०१९ ला राष्ट्रवादीकडून. आमच्या बूथवर चिन्ह दर वेळी नवं, मतं टाकणारी माणसं बहुतेक तीच. इथं माणूस ऊसबिल, पीककर्जाची सोसायटी आणि पाणी बघून बटण दाबतो.

सांगोल्याची लेक:
तुमचं पंढरपूरपुरतं खरं असेल. आमच्या सांगोल्यात गणपतराव देशमुख एकाच शेकापकडून (शेतकरी कामगार पक्ष) अकरा वेळा निवडून आले. आबा, म्हणजे गणपतराव, थांबले, २०१९ ला एक नातू उभे राहिले आणि हजाराच्या आतल्या फरकानं पडले. २०२४ ला दुसऱ्या नातवानं जागा परत आणली. आता हे पक्षाचं मत, का आबांचं? मला विचाराल तर दोन्ही, आणि वेगळं काढता येत नाही.

शिवाय "गाव कुणाचं" हे पारावरची पुरुष मंडळी ठरवतात. माझं आणि जावेचं मत कुठं जातं ते सासऱ्यांना आजवर कळलेलं नाही.

मालदांडी:
वहिनी, नमस्कार. बूथवरचे भाऊ, माणसं वेगळी होती का, ते राहिलंच की.

बूथवरचा:
तुमच्या भागातून ऊसतोडीला जोडपी जातात. मे मध्ये ती घरी, विधानसभेला २० नोव्हेंबरला बरीचशी फडात किंवा वाटेवर. म्हणजे थोडी वेगळी असणारच. किती, त्याचा अंदाज फॉर्म २० वरून येतो. बूथवार मतांचा तक्ता असतो, निवडणूक कार्यालयाच्या वेबसाइटवर पीडीएफ मिळते. दोन्ही निवडणुकांतला तुमचा बूथ शेजारी शेजारी ठेवा. एकाची मतं घटून तेवढीच दुसऱ्याची वाढली असतील तर बहुधा मन फिरलंय. एकूण आकडाच हलला असेल तर येणारी माणसं बदललीत. बूथ क्रमांक मात्र मतदान केंद्रांच्या यादीवरून ताडून घ्या, ते बदलतात.

आपल्याच जिल्ह्यात मारकडवाडीत डिसेंबर २०२४ ला याच बूथच्या आकड्यांवरून केवढं रामायण झालं, ठाऊक आहे ना? लोक मतपत्रिकेवर परत मतदान घ्यायला निघाले होते, प्रशासनानं जमावबंदी लावली. तेव्हा तक्ता घरी बसून वाचा. वस्तीला स्वतंत्र बूथ असेल तर पारावर तर अजिबात काढू नका, वस्तीनं मत कुणाला टाकलं ते उघडं पडतं, नाहीतर त्या वस्तीचा रस्ता पुढची पाच वर्षं मंजुरीतच.