मदत हवी आहे : हेलिकॉप्टर जागच्या जागी गरागरा फिरतंय

मंडळी, परभणीहून लिहितोय. दिवाळीत भाच्यासाठी ९०० रुपयांचं तीन चॅनेलचं (म्हणजे वर-खाली, पुढं-मागं, डावं-उजवं एवढंच चालणारं) रिमोटवालं हेलिकॉप्टर आणलं. भाचा दोन दिवसांत कंटाळला, आता जेवणं झाली की मीच बैठकीत उडवत बसतो. (बायको म्हणते, लेकरू नेमकं कोण तेच कळंना.) इन्फ्रारेड रिमोट (टीव्हीच्या रिमोटसारखा, न दिसणाऱ्या किरणांवर चालणारा), त्यामुळं अंगणात उन्हात ते ऐकतच नाही.

परवा बंद पंख्याला धडकून ज्वारीच्या पोत्यावर पडलं. तेव्हापासून उचललं की डावीकडं गिरक्याच घेतं. ट्रिमचं बटण (आपोआप वळणं थांबवून सरळ करायचं) शेवटपर्यंत दाबून पाहिलं, फरक नाही. वरची आणि खालची पाती उलट दिशेनं फिरून एकमेकींचा पीळ मारतात, एवढं मला कळतं. पाती शाबूत आहेत. शाफ्टला गुंडाळलेला लांब केस चिमट्यानं काढला. पण बोटानं फिरवलं तर खालचं दातेरी चक्र एका जागी 'कट्' करून घसरतं. दाता तुटला असेल, की मोटारच गेली? आणि सुटं चक्र नांदेड किंवा संभाजीनगरात मिळतं का?

बॅटरी ३.७ व्होल्टची आहे. आधी सहा-सात मिनिटं चालायची, आता तीनच. मोठी टाकली तर वजन उचलेल का?

नवीन घ्या, एवढं मात्र सांगू नका. दुरुस्तीतच खरी मजा आहे.