४० पाहुण्यांसाठी चीझ आणि फळाचे छोटे पफ: चीझ ओघळतं, खालून ओले राहतात. काय चुकतंय?

वाडीतली_सून

नमस्कार मंडळी. बडोद्याहून लिहितेय, वाडीत राहते. डिसेंबरमध्ये सासू-सासऱ्यांच्या लग्नाला ५० वर्षं होतायत. कार्यक्रम घरच्या गच्चीवर आहे, माणसं साधारण ४०. जेवण बाहेरून येणार, पण त्याआधी हातात धरून खाता येईल असं काहीतरी मी स्वतः करणार, हे सगळ्यांना सांगून झालंय. पुण्याला नणंदेकडे चीझ आणि अंजीर घातलेले छोटे बेक केलेले पफ खाल्ले होते. वरून खुसखुशीत, आत खारट चीझ, मध्येच अंजिराचा गोडवा. सासूबाई परतीच्या गाडीत भरूचपर्यंत त्याच विषयावर बोलत होत्या. म्हणून तेच करायचंय.

रविवारी दुपारी पहिला घाणा केला. बेकरीतून पफचं कच्चं पीठ आणलं, लाटून चौकोन कापले. आत पिझ्झावर घालतो ते मोझरेला, बाजारचा मिक्स फ्रूट जॅम, वर सफरचंदाची फोड. घडी घालून कडा काट्याने दाबल्या, वरून दूध फिरवलं, १८० वर २५ मिनिटं ओटीजीत. जॅम उकळून बाहेर आला आणि ट्रेवर जळला. चीझ ओघळलं. पफ एका कडेला फुगले, बाकी पोळीसारखे बसले. तळ ओला. वर टाळूला तुपकट थर चिकटून राहिला तो राहिलाच. सासरे दोन खाऊन काही न बोलता उठले, ते मला जास्त लागलं.

घरात अंडं चालत नाही. नणंद म्हणते ब्री चीझ घे, पण ते शाकाहारी असतं का? शेजारची जैन मंडळीही येणार आहेत, त्यांना फसवल्यासारखं व्हायला नको. हातात तीन आठवडे आहेत. कुणी नीट समजावून सांगाल का?

चिरोटा_मावशी

सूनबाई, चिरोटे करतेस ना? मग पफ तुला येतोच.

चिरोट्यात पोळ्यांच्या मध्ये साटा (तूप-पिठाचा लेप) असतो म्हणून पदर सुटतात. पफमध्ये साट्याच्या जागी थंड बटर. ओव्हनमध्ये पिठातल्या पाण्याची वाफ होते, ती बटरच्या थरांमुळे अडते आणि पदर वर उचलले जातात. पण त्यासाठी बटर ओव्हनमध्ये जाईपर्यंत घट्ट राहायला हवं. ३२ ते ३५ अंशांना ते वितळतं. नोव्हेंबर असला तरी आपल्या बडोद्याची दुपार आणि शेजारी तापलेला ओटीजी! तुझा ओटा तेवढा नक्की गरम होता. साटा पिठात जिरला की चिरोटा संपला, तसंच हे.

बेकरीच्या पिठात बहुतेक मार्जरीन असतं. ते उशिरा वितळतं, म्हणून उन्हाळ्यात लाटायला सोपं. पण तोंडाच्या उबेलाही विरघळत नाही, तोच तुझ्या टाळूवरचा थर. घरी कर, अवघड नाही. पाव किलो मैदा, २०० ग्रॅम थंड बटरचे छोटे तुकडे, मीठ, चमचाभर लिंबाचा रस, बर्फाचं पाणी साधारण १२० मिली. मळायचं नाही, नुसतं गोळा करायचं, बटरचे तुकडे दिसले पाहिजेत. लांबट लाट, पत्रासारखी तीन पदरी घडी घाल, अर्धा तास फ्रीजमध्ये. असं चार वेळा. चार घड्यांत ८१ पदर होतात. हे काम सकाळी सहाला कर, ओव्हन बंद असताना. मी तर लाटणंसुद्धा फ्रीजमध्ये ठेवते.

आता आकार. घडी घालून कडा दाबल्यास, म्हणजे पदर तू स्वतःच बंद केलेस. शिवाय दूध कापलेल्या कडेवरून ओघळलं की पदर चिकटतात, म्हणून एकाच बाजूला फुगले. उघडे ठेव. पीठ ३ मिमी जाड, ६ सेंटीमीटरचे चौकोन, सुरी ओढायची नाही, सरळ खाली दाबायची. मग सुरीच्या टोकाने आत सेंटीमीटरभर अंतरावर दुसरा चौकोन नुसता रेखायचा, आरपार कापायचा नाही. आतल्या चौकोनाला काट्याने टोचे मारायचे. तेवढी जागा बसकी राहते, बाहेरची पट्टी फुगते आणि सारणाला आपोआप कुंपण होतं. पहिल्यांदा केलं तेव्हा मी ओव्हनच्या काचेशी स्टूल घेऊन बसले होते. सातव्या-आठव्या मिनिटाला चारी भिंती उभ्या राहताना दिसतात, फार सुंदर दिसतं ते. दूध फक्त पट्टीच्या माथ्यावर, बोटाने.

१८० कमी पडतं. ओव्हन २०० ला पंधरा मिनिटं आधी तापव. सुरुवातीलाच जोराची उष्णता मिळाली तर बटर गळायच्या आत वाफ धरते. दोन्ही रॉड चालू, ट्रे मधल्याच्या खालच्या खणात, १८ ते २० मिनिटं. तळ बघून काढ, माथा बघून नको. टोचलेल्या जागेवर टोस्टचा चिमूटभर चुरा टाकलास की फळाचा रस तो पितो.

चीझचं सांगते. मोझरेला वितळून तार धरण्यासाठीच असतं, ते वाहणारच. पनीर लिंबाने फाडलेलं, ते वितळतच नाही, कोरडं लागतं. मी २०० ग्रॅम चक्का (श्रीखंडाचाच, पण रात्रभर टांगलेला), १०० ग्रॅम किसलेलं प्रोसेस्ड चीझ, दोन छोटे चमचे कॉर्नफ्लोर आणि भरड मिरपूड असं फेटते. प्रोसेस्ड चीझमधल्या क्षारांमुळे त्याचं तूप वेगळं सुटत नाही, कॉर्नफ्लोरमुळे चक्का फाटत नाही. एका पफला एकच छोटा चमचा. जास्त घालण्याचा मोह फार होतो, आवर.

ब्री मूळ फ्रान्सचं, पॅरिसजवळचं. पारंपरिक पद्धतीत ते वासराच्या पोटातल्या रेनेटने (दूध घट्ट करणाऱ्या पदार्थाने) विरजतात. परमेसानचंही तेच. सूक्ष्मजीवांपासूनचं रेनेट वापरूनही चीझ होतं आणि आपल्याकडच्या पाकिटावर हिरवा ठिपका असतो, तो बघून घे. जैन पाहुण्यांसाठी मात्र अंजीर नकोच. पुष्कळ घरी बहुबीज म्हणून वर्ज्य असतं.

फळ माझ्या मते जामफळ (पुण्याच्या लोकांसाठी पेरू). आता हंगाम सुरू झालाय. क्यूबामध्ये जामफळाचा घट्ट गर आणि चीझ घालून असेच पफ करतात, तिकडे ती रोजची न्याहारी आहे. एक किलो पिकलेली जामफळं उकडून चाळणीतून गाळ. गराच्या पाऊणपट साखर, एका लिंबाचा रस, मंद आचेवर कडा सोडेपर्यंत आटव. उडतो फार, लांब दांड्याचा कालथा घे आणि हाताला फडकं गुंडाळ. थंड झाल्यावर वडीसारखा कापता येतो, ओव्हनमध्ये मऊ होतो पण जॅमसारखा उकळून पळत नाही. जामफळातही बियाच बिया, तेव्हा जैन शेजाऱ्यांना आधी विचार. नाही म्हणाले तर त्यांच्यासाठी सफरचंदाचा गर अस्साच आटव.

पाणीगेट_सर

मावशींनी सगळं सांगितलंच आहे, माझी फक्त एक भर. कुणी अननस सुचवला तर कच्चा घालू नका. मी शाळेत रसायनशास्त्र शिकवतो आणि तरीही मुलीच्या वाढदिवसाला ही चूक केली. आदल्या रात्री चक्क्यात अननसाचे तुकडे कालवून ठेवले, सकाळी सारण पातळ आणि कडू. अननसातलं ब्रोमेलेन हे विकर (एन्झाइम) दुधातली प्रथिनं तोडतं. पपई आणि किवीतही अशीच विकरं असतात. फळ आधी कढईत पाच मिनिटं चांगलं परतलं की त्यांचा जोर संपतो, मग खुशाल घाला.

लष्करवाला_ग्वाल्हेर

४० जणांना तीन-तीन, म्हणजे १२० पफ, तेही घरच्या पिठाचे? ताई, घरचा कार्यक्रम आहे, तुम्ही पाहुण्यांना भेटणार कधी? माझं मत, चांगल्या दुकानातून फ्रोझन शीट आणा, सारणावर जीव ओता. माझ्याकडे कन्व्हेक्शन मायक्रोवेव्ह आहे. त्यात पंखा असतो म्हणून १९० पुरतं, पण खालून रॉड नसल्याने ट्रे आधी रिकामा तापवून घ्यावा लागतो.

चिरोटा_मावशी

भाऊ, शीट आणायला माझी ना नाही, पाकिटावर बटर लिहिलेलं असलं तर. पण वेळेची काळजी करू नका, हे काम एका दिवशी करायचंच नाहीये. सूनबाई, पाव किलोच्या घाण्यात साधारण ४० पफ होतात, म्हणजे तीन घाणे. आठवडाभर आधी रोज एक कर. सारण भरलेले कच्चे पफ ताटात सुटे ठेवून फ्रीझरमध्ये कडक होऊ दे, मग डब्यात भर. त्या दिवशी बाहेर काढून मऊ करायचे नाहीत, तसेच गोठलेले तापल्या ट्रेवर, चार मिनिटं जास्त. गोठलेले उलट छान फुगतात. दुपारी भाजून गार झाले की फ्रीजमध्ये ठेव, संध्याकाळी १६० वर पाच मिनिटं. मायक्रोवेव्हमध्ये गरम केलेस तर चामड्यासारखे होतील.

वाडीतली_सून

मावशी, काल कार्यक्रम झाला.

आधीच्या तीन आठवड्यांत दोन घाणे फुकट गेले. पहिल्यात रेघ आरपार गेली आणि आतला चौकोन लिफ्टसारखा वर आला. दुसऱ्यात चक्का नीट निथळला नव्हता. तिसरा जमला. जामफळं खंडेराव मार्केटच्या मागून आणली, आतून गुलाबी मिळाली, गराचा रंग इतका लाल आला की जाऊबाईंना बीट घातलंय असं वाटलं. गर आटवताना मनगटावर एक थेंब उडालाच. फडकं गुंडाळा म्हणालात, मी बोटांनाच गुंडाळलं होतं.

शेजारच्या काकींना आधी विचारलं. त्यांनी जामफळ नको म्हटलं, सफरचंद चालेल म्हणाल्या आणि विचारल्याबद्दल माझा हात हातात घेतला. त्यांचे २० पफ वेगळ्या ताटात, प्रत्येकावर एक बदामाचा काप, म्हणजे अदलाबदल नको. एकूण १२० केले. माझ्या ओटीजीत एका वेळी १५ बसतात, म्हणजे आठ ट्रे. दुपारी एकला सुरुवात केली, चारला संपले. सव्वासातला दिरांनी गरम करून गच्चीवर आणायला सुरुवात केली आणि आठच्या आत ताटं रिकामी.

भरड मिरपुडीबरोबर थोडं लाल तिखटही भुरभुरलं होतं, जामफळाला मीठ-तिखट लावून खातो तसं. ते सासऱ्यांना ओळखू आलं. शाळेबाहेर कागदात मिळायचं तसं लागतंय म्हणाले, आणि चौथा उचलला.

आता सासूबाईंना संक्रांतीला हेच हवेत, आणि उत्तरायणाला सगळे दिवसभर गच्चीवर उन्हात. भाजलेले पफ तीन-चार तास उघड्यावर राहिले तर चक्क्याचं काय होईल?

चिरोटा_मावशी

चक्का उन्हात नको गं, दोन तासांच्या वर मी ठेवणार नाही. फ्रीझरमध्ये भरून ठेव आणि दर तासाला १५ चा एक ट्रे भाज. पतंगवाल्यांना तसेही गरमच आवडतात. आणि मनगटाला काय लावलंस ते सांग.