आधी ठेका बसवा, मग चाल शोधा
नोटेशन न वाचता, नुसतं ऐकून पियानो जमेल का, असं विचारलंत. जमेल, पण सुरांआधी ठेका बसवा. दादरा हा ताल घ्या, सहा मात्रा, म्हणजे सहा ठोके. तोंडाने 'धा धिं ना, धा तिं ना' म्हणत राहा. पहिल्या आणि चौथ्या मात्रेला डाव्या करंगळीने सा. उरलेल्या चारांवर मधलं बोट आणि अंगठ्याने ग-प एकत्र, हलकेच. हात जागचा हलत नाही, हे फार सोयीचं. (पांढरी एक, म्हणजे सी ही पट्टी, सा धरलीत तर सा-ग-प म्हणजे सी, ई, जी.) डावा हात आपोआप चालू लागला की उजव्याने ओळखीची चाल शोधा. सूर चुकला तरी ठेका थांबवू नका. हवा तो सूर बहुतेकदा शेजारच्याच पट्टीवर असतो, पुढच्या आवर्तनात, म्हणजे सहा मात्रांच्या पुढच्या फेरीत, सापडतो. केरवा हा आठ मात्रांचा ताल नंतर घ्या.