मदत हवी आहे: क्वार्टरबॅकला धावण्यात जास्त कसं वापरायचं? (उद्या संध्याकाळपर्यंत)

मैदानाकाठी (धागाकर्ता)
घाईत आहे. ओहायोत एका छोट्या कॉलेजच्या फुटबॉल टीमचं (अमेरिकन) आकडेवारीचं काम बघतो. शनिवारी सलग तिसरी मॅच हरलो. आमचा क्वार्टरबॅक (दर चालीला बॉल हातात घेऊन पास देणारा) टीममधला सगळ्यात चपळ पोरगा, पण कोच त्याला पळवतच नाहीत. मी विषय काढला तर त्यांनी शनिवारचा कागद पुढे केला: ११ वेळा पळाला, ९ यार्ड. "याला पळवू?" वर म्हणाले, उद्याच्या मीटिंगला अर्ध्या पानात पटवून दे. काय लिहू? लवकर सांगा प्लीज.

मिशिगनचे_काका
अरे, २०१० साली अ‍ॅन आर्बरला मिशिगन विद्यापीठाचा डेनार्ड रॉबिन्सन या डोळ्यांनी पाहिलाय. क्वार्टरबॅक असून मोसमात १,७०२ यार्ड पळाला! बिनधास्त पळव. प्रत्येक ड्राइव्हला (बॉल आपल्याकडे असेपर्यंतच्या सलग चाली) तीनदा.

पूर्वा_के
काका, रॉबिन्सन काही प्रत्येक कॉलेजात नसतो.
धागाकर्ते, माहिती अर्धवट आहे. शॉटगनमधून (क्वार्टरबॅक काही पावलं मागे उभा राहून बॉल घेतो तसं) खेळता का? त्या ११ मध्ये सॅक (पास द्यायच्या आधीच क्वार्टरबॅकला मागे पाडणं) किती? कॉलेजमध्ये सॅकचे यार्ड क्वार्टरबॅकच्या धावण्यातून वजा होतात, एनएफएलमध्ये (व्यावसायिक लीग) पासच्या खात्यातून.

मैदानाकाठी
शॉटगनच, अर्थात. सॅक ५, गेले ३८ यार्ड.
म्हणजे खरं तर ६ वेळा ४७ यार्ड! हे कसं सुटलं माझ्याकडून.

पूर्वा_के
आणि त्या सहात ठरवून पळवलेल्या चाली किती?

मैदानाकाठी
दोन. बाकी चार वेळा पास द्यायला कुणी मोकळं नव्हतं म्हणून पळाला.

एक_पालक
एफ-१ व्हिसावर असशील तर सेमिस्टर चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तासांच्या वर काम करू नकोस. आमच्या ओळखीतल्या एकाला फार त्रास झाला.

लाइनबॅकर_सोलापूर
मी इथे अमेरिकेत कॉलेजात दोन वर्षं लाइनबॅकर (बचावाच्या दुसऱ्या फळीतला) खेळलो, म्हणून समोरच्या बाजूने सांगतो. क्वार्टरबॅकने बॉल रनिंग बॅकच्या (बॉल घेऊन पळणाऱ्याच्या) हातात दिला की तो फक्त बघत उभा राहतो. तुम्ही १०, आम्ही ११. तो स्वतः पळाला की हिशेब बरोबरीत येतो. झोन रीड नावाच्या चालीत तर एका डिफेन्सिव्ह एंडला (बचावाच्या पहिल्या फळीतला कडेचा) मुद्दाम मोकळा सोडतात. तो बॅकच्या मागे आत धावला तर क्वार्टरबॅक बॉल ठेवतो आणि त्याने सोडलेल्या जागेतून बाहेर पडतो. तो जागेवर थांबला तर बॉल बॅकला. अंगाला हात न लावता एक माणूस कमी. रिच रॉड्रिगेझ या कोचने हे १९९० च्या दशकात ग्लेनव्हिल स्टेटसारख्या छोट्या कॉलेजातच बसवलं, तेव्हा "आमचं कॉलेज छोटं" ही सबब चालणार नाही.
पण काकांचं "प्रत्येक ड्राइव्हला तीनदा" मला पटत नाही. तिसऱ्या वेळेला आम्ही एंडला मुद्दाम आत पाठवायचो आणि बाहेर क्वार्टरबॅकची वाट बघत मी उभा.

मिशिगनचे_काका
२००६ चा रोझ बोल (त्या मोसमाची कॉलेज फायनल) आठवा. चौथा डाऊन (शेवटची संधी), ५ यार्ड हवेत, टेक्सासचा क्वार्टरबॅक व्हिन्स यंग पळू शकतो हे सगळ्या जगाला माहीत. ८ यार्ड पळून टचडाऊन, घड्याळात १९ सेकंद शिल्लक. चांगल्या माणसाला वाट बघणारा अडवू शकत नाही.

पूर्वा_के
आणि मार कोण खाणार? दुसरा क्वार्टरबॅक कोण आहे, धागाकर्ते?

मैदानाकाठी
त्याचा खांदा दुखावलाय, गेला आठवडाभर हात झोळीत. तिसरा मूळचा रिसीव्हर (पास झेलणारा) आहे.

पूर्वा_के
हे पहिल्याच पोस्टमध्ये हवं होतं!! सगळा सल्ला बदलतो. मग मधून घुसवायच्या चाली अजिबात नकोत. मॅचमध्ये ठरवून पाच-सहा, त्याही कडेने, आणि कुणी जवळ आलं की पाय पुढे टाकून घसरायचं. तिथेच चाल संपते. घसरायचं नाटक करून पुढे पळू नको म्हणावं. २०२१ च्या डिसेंबरात पिट्सबर्गचा क्वार्टरबॅक केनी पिकेट याने तसं करून टचडाऊन केला, लगेच नियम आला.

लाइनबॅकर_सोलापूर
याला अनुमोदन. आता एक कर, शनिवारच्या झोनच्या चाली (बॅकला बॉल दिलेल्या) परत बघ. बॉल ज्या बाजूला जात नाही, तिकडच्या एंडचे खांदे बघ. आत वळतात का?

मैदानाकाठी
आत्ताच बघितल्या. १४ पैकी ९ वेळा खांदे पूर्ण आत, बॅकच्या मागे सुसाट. एका क्लिपमध्ये तर तो आमच्या क्वार्टरबॅकच्या हातभर अंतरावरून जातो, आणि त्या बाजूला साइडलाइनपर्यंत नुसतं गवत. आमचा पोरगा बॉल देऊन उभा. आमचा टॅकल (पुढच्या फळीत समोरच्यांना अडवणारा) दर वेळी त्या एंडला धरायला जातो आणि दर वेळी उशिरा पोचतो.

लाइनबॅकर_सोलापूर
मग एंडला सोडा आणि टॅकलला सरळ लाइनबॅकरवर पाठवा. बाहेर वाट बघणारा मीच असेन ना, मलाच अडवा. तुझं अर्धं पान इथेच झालं.

एक_पालक
आणि ते २० तास सगळ्या कॅम्पस जॉबचे मिळून हं.

मैदानाकाठी
एकच काम आहे काका, काळजी नको.
९ क्लिप कापून ठेवल्या. कागदावर सगळ्यात वर "६ वेळा, ४७ यार्ड" लिहितो, खाली टॅकलचं. तिसऱ्या क्वार्टरबॅकचंही लिहितो, नाहीतर कोच तेच पहिलं विचारतील.

लाइनबॅकर_सोलापूर
हातभर अंतरवाली क्लिप पहिली लाव. आणि एंड आत वळतो तिथेच थांबव.