बीटल्ससाठी ‘१’ पुरे? मुळीच नाही

रेघोटी: शेजारच्या धाग्यावर नवख्यांना सल्ला दिलाय : “बीटल्स ऐकायचेत? २००० साली आलेला ‘१’ हा संकलन-अल्बम घ्या. २७ गाणी, सगळी पहिल्या नंबरची, बाकी काही लागत नाही.” हे वाचून राहवलं नाही. ‘१’मध्ये ‘रबर सोल’, ‘सार्जंट पेपर’ आणि ‘व्हाइट अल्बम’ या अल्बमांतलं एकही गाणं नाही. ‘रिव्हॉल्व्हर’च्या १४ पैकी फक्त दोन. बँड जिथे पार बदलला तेच वगळून कसली ओळख? ‘स्ट्रॉबेरी फील्ड्स’ बाहेर, कारण अमेरिकेत ते मागे राहिलं आणि ब्रिटनमध्ये दुसऱ्या नंबरावर अडलं. अडवलं मद्रासमध्ये जन्मलेल्या एंगलबर्ट हंपरडिंकच्या ‘रिलीज मी’नं!

नंबरी: नियम सरळ आहे : ब्रिटन किंवा अमेरिकेत पहिला नंबर. कुणाची आवडनिवड मध्ये येत नाही, हेच त्याचं बळ. शिवाय गाणी कालक्रमानं आहेत.

रेघोटी: नियम पाळला कुठे? १९७० साली ‘द लाँग अँड वाइंडिंग रोड’ अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत, त्याच तबकडीवरच्या जॉर्ज हॅरिसनच्या ‘फॉर यू ब्लू’सकट पहिलं आलं. ‘कम टुगेदर’-‘समथिंग’ या जोडीतली दोन्ही घेतली, मग इथे एकच का? २७ गाण्यांत जॉर्जचं एक!

नंबरी: सीडीत ८० मिनिटं मावतात, ‘१’ ७९च्या घरात आहे. अडीच मिनिटांचं गाणं कुठे कोंबणार?

डावाकान: कुठली आवृत्ती घ्यायची ते आधी सांगा. ‘एलिनॉर रिग्बी’च्या १९६६च्या स्टिरिओ मिक्समध्ये (डाव्या-उजव्या कानासाठी वेगळी ध्वनिजुळणी) कडव्यांत पॉल मॅकार्टनीचा आवाज उजव्या बाजूला आहे. नुसता डावा इयरफोन लावा, गाणारा गायब. २०१५मध्ये निर्माता जाइल्स मार्टिननं नव्यानं मिक्स करून आवाज मध्यभागी आणला. इयरफोनवर ऐकणाऱ्यानं २०१५चाच ‘१’ घ्यावा.

मोनोच: त्यासाठी रीमिक्स कशाला? फोनच्या सेटिंगमध्ये मोनो ऑडिओ चालू करा, दोन्ही कानांत एकच आवाज येतो.

डावाकान: त्यानं आवाज परत येतो, त्या काळी एकाच चॅनलसाठी खास केलेला मोनो मिक्स येत नाही. दोन चॅनल एकत्र केले की मध्यभागी ठेवलेलं सगळं बाजूच्यापेक्षा वर येतं, तोल बिघडतो. आणि ‘हेल्प!’चं काय? मोनो सिंगलवरचं मुख्य गायनच वेगळं आहे, स्टिरिओतलं वेगळं. कुठलंही बटण दाबून ते मिळणार नाही.

मोनोच: मग माझंच म्हणणं सिद्ध झालं! १९६५मध्ये पहिल्या नंबरावर गेलं ते मोनो सिंगल. ‘१’वर स्टिरिओ घातलंय. म्हणजे जे हिट झालं ते हिट गाण्यांच्या अल्बमवर नाहीच. ‘लव्ह मी डू’ आणि ‘शी लव्हज यू’ तेवढी मोनोत राहिली, तीही स्टिरिओ करायला लागणाऱ्या मूळ दोन-ट्रॅक टेप उरल्या नाहीत म्हणून. ‘रेड’ या संकलनाच्या २०२३च्या आवृत्तीसाठी त्याच मोनोतून संगणकानं आवाज आणि वाद्यं सुटी करून स्टिरिओ बनवलं. मला ते मान्य नाही.

नंबरी: ज्याला अजून ‘मिशेल’ माहीत नाही त्याच्यापुढे टेपची वंशावळ उलगडताय! अशानंच माणसं पळतात.

रेघोटी: ‘मिशेल’ ‘१’मध्ये नाहीच. १९७३च्या ‘रेड’मध्ये आहे. म्हणून ‘रेड’ आणि त्याच्या जोडीचं संकलन ‘ब्लू’ घ्या. मूळची २६ आणि २८ गाणी २०२३मध्ये ३८ आणि ३७ झाली, ‘रिव्हॉल्व्हर’ची दोनाची सात, त्यांत ‘टुमारो नेव्हर नोज’ही. मात्र सीडीच घ्या. एलपीत वाढीव गाणी तिसऱ्या तबकडीवर टाकलीत, त्यामुळे ती क्रम सोडून शेवटी ऐकावी लागतात.

गिरगावकर: आणि ‘द इनर लाइट’? त्यातली वाद्यं जानेवारी १९६८मध्ये आपल्या मुंबईत एचएमव्हीच्या स्टुडिओत वाजली, बासरी हरिप्रसाद चौरसियांची. ‘लेडी मॅडोना’ची दुसरी बाजू ती. ‘लेडी मॅडोना’ ‘१’ आणि ‘ब्लू’ दोन्हींत, आणि हे ‘१’मध्ये नाही, ‘ब्लू’च्या वाढीव यादीतही नाही! अल्बमांबाहेरच्या गाण्यांचा ‘पास्ट मास्टर्स’ घ्यावा लागतो. वाईट वाटतं.

नंबरी: ‘टुमारो नेव्हर नोज’शिवाय ओळख अपुरी, एवढं मान्य. पण ७५ गाणी पहिल्याच बैठकीला कोण ऐकेल? आधी ‘१’च.

डावाकान: मग निदान २०१५चा सांगा.