दुखापत प्रमाणपत्रावर जखमेचा प्रकार लिहावा, की केवळ वर्णन?

फौजदारी वकील, सोलापूर
मोहोळ तालुक्यात बांधावरून झालेल्या भांडणाच्या एका खटल्यात साक्षीदार एकमुखाने काठीचा फटका सांगत होते, आणि दुखापत प्रमाणपत्रावर मात्र ‘कापलेली जखम, धारदार शस्त्र’ एवढेच शब्द होते. डोक्याच्या त्वचेखाली लगेच हाड असल्यामुळे बोथट वस्तूच्या फटक्यानेही ती सरळ रेषेत फाटते आणि वरवर पाहता सुरीने कापल्यासारखी दिसते, हे न्यायवैद्यकाच्या पहिल्या धड्यांपैकी एक आहे. या एका शब्दावर आरोपीचे भवितव्य ठरते, कारण साध्या दुखापतीला भारतीय न्याय संहितेच्या कलम ११५(२) नुसार एक वर्षापर्यंत कैद आहे, तर तीच दुखापत कापण्याच्या हत्याराने केल्यास कलम ११८(१) नुसार तीन वर्षांपर्यंत. म्हणून डॉक्टरांनी लांबी, रुंदी, खोली, कडा आणि जागा एवढेच लिहावे. प्रकाराचे नाव आणि हत्याराचा अंदाज लिहूच नये, असे माझे मत आहे.

वैद्यकीय अधिकारी, ग्रामीण रुग्णालय
मी याच्याशी सहमत नाही. रात्री दोन वाजता रक्तबंबाळ रुग्ण समोर असताना रक्तस्राव थांबवणे हे माझे पहिले कर्तव्य असते. तरीही पोलिसांना त्याच रात्री कलम लावायचे असते आणि ते मला हत्यार विचारतात. मी नाव लिहिले नाही, तर माझ्या वर्णनाचा अर्थ ठाणे अंमलदार लावणार, म्हणजे वैद्यकाचे ज्ञान नसलेल्या माणसाकडे निर्णय जाणार. तज्ज्ञाचे मत ग्राह्य मानण्याची तरतूद कायद्यातच आहे. ते मत मी लिहायचे नाही, तर कोणी?

न्यायवैद्यकशास्त्राचा अध्यापक
अडचण नाव लिहिण्यात नसून नावामागची निरीक्षणे गाळण्यात आहे. फाटलेल्या जखमेत कडांजवळ खरचटल्याच्या किंवा मुक्या माराच्या खुणा असतात, केसांची मुळे चिरडलेली असतात, आणि कडा अलगद विलग केल्या की तळाशी एका बाजूकडून दुसरीकडे गेलेले ऊतींचे, नसांचे आणि रक्तवाहिन्यांचे धागे न तुटता राहिलेले दिसतात. धार त्वचेतून गेली असेल तर असे धागे उरत नाहीत, केस सरळ छाटलेले असतात आणि जखम खोलीपेक्षा लांबीला अधिक असते. भोसकल्याच्या जखमेत याच्या उलट, खोली सर्वांत अधिक असते. ऊसतोडणीच्या कोयत्याचा घाव तर या दोन्हींच्या मध्ये बसतो, कारण त्यात धार आणि वजन दोन्ही असते. त्यामुळे कडा बऱ्याच स्वच्छ, पण किंचित चेंगरलेल्या, आणि खालच्या हाडावरही घाव. आपल्या जिल्ह्यात हा घाव ओळखता आलाच पाहिजे, असे मी विद्यार्थ्यांना आग्रहाने सांगतो. भिंगाशिवायही यातले बरेच काही दिसते. मात्र टाके घालण्यापूर्वी आणि केस काढण्यापूर्वी पाहिले नाही, तर पुरावा कायमचा जातो.

वैद्यकीय अधिकारी, ग्रामीण रुग्णालय
हे मला मान्य आहे, आणि मोजपट्टी शेजारी ठेवून छायाचित्र घ्यायला एक मिनिटही लागत नाही, हेही मान्य आहे. परंतु छापील नमुन्यात जखमेच्या वर्णनासाठी एकच ओळ असते, आणि तिथे ‘सीएलडब्ल्यू’ (म्हणजे ‘कंट्यूज्ड लॅसरेटेड वूंड’, चेंगरून फाटलेली जखम) लिहिण्याची सवय आम्हाला उमेदवारीपासून लागते. त्या तीन-चार अक्षरांत कडाही येत नाहीत आणि तळही येत नाही.

फौजदारी वकील, सोलापूर
छायाचित्र आणि तळाचे वर्णन असेल, तर नावाला माझा विरोध राहणार नाही, कारण मग उलटतपासणीत नाव तपासून पाहता येईल. हत्याराबाबत मात्र मी माझ्या मतावर ठाम आहे. ‘धारदार शस्त्राने होऊ शकते’ असे लिहिताना ‘बोथट वस्तूने होऊ शकत नाही’ असेही डॉक्टरांना शपथेवर सांगता येत नसेल, तर तो रकाना त्यांनी त्या रात्री रिकामा ठेवावा आणि हत्यार जप्त होऊन समोर आल्यावर, ते पाहून, लेखी मत द्यावे.