मदत हवी आहे: पुठ्ठ्याचा हलणारा गल्ला, एक रुपयाला हात खाली येत नाही

नमस्कार मंडळी,

आमच्या सोसायटीत मे महिन्यात मुलांचं शिबिर असतं. यंदा आठ ते अकरा वयाच्या मुलांकडून हलणारे गल्ले करून घ्यायचं ठरलंय. फट पाडलेला नुसता डबा नको. नाणं ठेवलं की काहीतरी घडलं पाहिजे, आणि ते कसं घडलं हे पोराला मागचं दार उघडून बघता आलं पाहिजे. हे दुसरं मला जास्त महत्त्वाचं वाटतं. विकतच्या खेळण्यांत सगळं आत बंद असतं, मुलांना आत डोकावायला जागाच नसते.

कल्पना अमेरिकेतल्या जुन्या बिडाच्या गल्ल्यांवरून घेतली आहे. १८७० नंतर तिकडे असे खूप नमुने निघाले. बहुतेकांत स्प्रिंग आणि कळ असते. कुत्रा तोंडात नाणं धरून कड्यातून उडी मारतो आणि पिंपात टाकतो, त्यातलाच एक. पण 'टॅमनी बँक' नावाच्या गल्ल्यात कळच दाबायची नसते. खुर्चीत एक जाडा पुढारी बसलेला. त्याच्या हातावर नाणं ठेवलं की नाण्याच्या वजनानेच हात खाली येतो, नाणं कोटाच्या खिशात जातं आणि तो मान डोलावतो. न्यूयॉर्कच्या टॅमनी हॉल या राजकीय संघटनेतल्या लाचखोर पुढाऱ्यांना मारलेला तो टोमणा होता. आमच्याकडे पुढाऱ्याच्या जागी आजी आहे आणि खिशाच्या जागी तिचा बटवा.

रचना अशी: बुटांचा खोका. दोन पुठ्ठे चिकटवून केलेला हात, कोपरापासून तळव्यापर्यंत ९ सेंमी. कोपराच्या मागे ३ सेंमी शेपूट, त्यावर वजनाला लोखंडी वायसर. कोपरातून आरपार बांबूची काडी, तीच खोक्याच्या दोन्ही भिंतींत अडकवलेली.

अडचण अशी: दहा रुपयांचं नाणं ठेवलं की हात धाडकन खाली येतो. एक रुपयाला मात्र अर्ध्यातच अडकतो. वायसर कमी केले तर एक रुपयाला खाली येतो, पण मग परत वर जात नाही. शिवाय कधीकधी नाणं तळव्यालाच चिकटून राहतं. आणि मान कशी हलवायची तेही सुचवा. दोरा बांधून पाहिला, तर सगळंच जड झालं.

प्रतिसाद: खटाटोप
सोपा उपाय, फक्त पाच आणि दहाची नाणी वापरा.

धागाकर्ती
नको हो. मुलांना घरून एक-दोन रुपयेच मिळतात. त्यांच्याच नाण्याला आजी हलली नाही तर मजा काय?

प्रतिसाद: चिंचगुळ
हाताच्या मागे छोटं चुंबक लावून बघा, हात पटकन जागेवर येईल.

प्रतिसाद: रंधा
चुंबक कृपया नको. एक-दोन रुपयांची नाणी स्टेनलेस स्टीलची असतात, ती चुंबकाला चिकटतात. नाणं घसरायच्या ऐवजी तिथेच बसेल. शिवाय ती इवली, जोरदार चुंबकं लहान भावंडांच्या पोटात गेली तर थेट शस्त्रक्रियेपर्यंत प्रकरण जातं.

ताई, तुमची रचना बरोबर आहे. फक्त ती सगळ्यात हलक्या नाण्यावर बेतायला हवी. २०१९ पासूनच्या मालिकेत एक रुपयाचं नाणं ३.०९ ग्रॅमचं आहे आणि दहाचं ७.७४ ग्रॅमचं, म्हणजे अडीच पट. मागचं वजन दहा रुपयांना जुळवलं तर एक रुपया हरणारच.

नेमकं वजन ठरवायला वायसर बाजूला ठेवा आणि शेपटीला शाडूची गोळी लावा. रिकामा हात स्वतःहून वर जाईल इतकीच गोळी ठेवा, ती तोलून घ्या. मग तळव्यावर एक रुपया ठेवून गोळी वाढवत जा. हात खाली यायचा थांबला की पुन्हा तोला. या दोन वजनांच्या बरोबर मधलं वजन तुमचं. तुमच्या मापांनी ही दोन टोकं साधारण ६ आणि १५ ग्रॅमच्या आसपास यावीत, म्हणजे मधलं दहा-अकरा. मुलांनाच करू द्या. पाठ्यपुस्तकातली तरफ, टेकू, भार, बल हे सगळं त्यांच्या बोटांना कळेल.

पण एक लक्षात घ्या. मधलं वजन धरल्यावर हात खाली ओढायला रुपयाचं जेमतेम अर्धं वजन, म्हणजे दीड ग्रॅम उरतं. तेवढ्यात काम व्हायचं तर आसाचं घर्षण जवळपास शून्य हवं, आणि तुमचा खरा चोर तिथेच आहे. बांबूची काडी खरबरीत, पुठ्ठ्याचं भोक त्याहून. संपलेल्या बॉलपेनच्या रिफिलचा दोन सेंमीचा तुकडा कापा, शाई नीट पुसा, हाताच्या भोकात आडवा बसवून फेव्हिकॉलने पक्का करा. त्यातून गोधडीची सुई घाला. फुंकर मारली तरी हात हलला पाहिजे. न हलल्यास वजनाला हात लावू नका, आधी आस दुरुस्त करा.

तळव्याला पुठ्ठा नको. श्रीखंडाच्या डब्याच्या झाकणाचा गुळगुळीत तुकडा लावा. हात पूर्ण खाली आल्यावर तळव्याला किमान ३० अंशांचा उतार मिळेल अशा जागी खाली अडसर ठेवा. अडसरावर फोमची पट्टी चिकटवा, म्हणजे दहा रुपये आदळून आस वाकणार नाही.

प्रतिसाद: खटाटोप
माझा आधीचा सल्ला मागे. बटव्याचं तोंड मात्र ३२-३३ मिमी रुंद ठेवा. दहा आणि वीसचं नाणं २७ मिमीचं आहे, वीसचं तर बारा कोनांचं, ते अडकतं.

प्रतिसाद: रंधा
मानेचं राहिलंच. दोरा हाताला बांधला की पूर्ण वेळ डोक्याचं ओझं हातावर पडतं. त्याऐवजी डोकं वेगळ्या सुईवर टांगा. मानेखाली खोक्याच्या आत सहा-सात सेंमीची दांडी सोडा आणि तिच्या टोकाला एक नट अडकवा. तंजावरच्या बाहुलीसारखं डोकं आपोआप सरळ उभं राहील. हात खाली जाताना शेपूट वर येते. शेवटच्या अर्ध्या सेंमीत तिने दांडीला नुसती टिचकी मारायची. तोवर हाताला वेग आलेला असतो, त्यामुळे रुपयालाही ते जमतं, आणि आजी चार-पाच वेळा मान हलवते.

पुण्यात असाल तर आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत मुलांना एकदा जरूर न्या. रिफिल, सुई, पुठ्ठा यांतून काय काय होतं ते तिथे दिसतं.

धागाकर्ती
रंधा, मनापासून आभार. रिफिल आणि सुई लगेच बसवून पाहिली. एक रुपयाला हात सरळ खाली आला आणि परत वरही गेला! झाकणाचा तळवाही छान चालतोय. दांडीचं उद्या करते. ज्यांच्या घरी संपलेल्या रिफिली असतील त्यांनी टाकू नका म्हणून सोसायटीच्या ग्रुपवर आत्ताच कळवते. प्रत्येक मुलाला दोन लागतील, एक हाताला, एक मानेला.